कंपनीचं मीटर कशावर पळतं, ते आधी बघा

वाचकांचं पत्र:

"ताई, मी पुण्यात खराडीला एका मोठ्या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. वय छत्तीस. आमची कंपनी मोठमोठ्या उद्योगांना ग्राहकसेवेचं सॉफ्टवेअर विकते. जितके कर्मचारी ते वापरणार, तितक्या लायसन्सचे पैसे. तीन वर्षांपूर्वी आमच्या टीमने छोट्या दुकानदारांसाठी उधारी आणि बिलांचं एक मोबाइल अ‍ॅप केलं. लोकांना ते आवडलं, वर्षाला साधारण तीस कोटींची कमाई व्हायला लागली. गेल्या महिन्यात वरून निरोप आला, अ‍ॅप बंद. त्याच तिमाहीत कंपनीने विक्रमी नफा जाहीर केला आणि टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, 'आपण नव्याचा ध्यास घेणारी कंपनी आहोत' असं भाषण झालं. बार्शीच्या एका कापड दुकानदारांचा फोन आला, 'मॅडम, माझी सगळी उधारी तुमच्या अ‍ॅपमध्ये आहे, आता मी काय करू?' मला उत्तर देता आलं नाही.

आता मला दोन पर्याय दिलेत. एक, जुन्या मुख्य सॉफ्टवेअरच्या टीममध्ये जा. दोन, नव्या एआय ग्रुपमध्ये जा. तिथे ग्राहकांच्या तक्रारींना माणसाशिवाय उत्तर देणारं काहीतरी बनवायचं आहे. पंधरा दिवसांत कळवायचंय. घराचे हप्ते चालू आहेत, नवरा म्हणतो जुन्यातच राहा. मोठ्या कंपन्यांना नवं काही खरंच हवं असतं का, की हा सगळा देखावा आहे? मी कुठे जाऊ? कधीकधी वाटतं, तेच अ‍ॅप स्वतः करावं." – मृ., पुणे

मृ.,

तुमचा मुख्य प्रश्न निवडीचा आहे, पण मी सुरुवात बार्शीच्या दुकानदारांपासून करते, कारण ते काम याच आठवड्यात होण्यासारखं आहे. अ‍ॅप बंद करायचा निर्णय तुमच्या हातात नव्हता. ते कसं बंद होतं, यात मात्र तुमचं म्हणणं अजून चालेल, फक्त टीममधली माणसं दुसऱ्या कामांवर पांगायच्या आत. सगळी उधारी, नावं, तारखा, रकमा एक्सेलमध्ये उतरवून घेण्याचं बटण अ‍ॅपमध्ये पहिल्याच पानावर हवं. सूचना मराठीत, हिंदीत हवी. आणि बंद व्हायच्या तारखेनंतरही काही महिने डेटा मिळण्याची सोय हवी. मॅनेजरला मेल लिहा आणि त्यात पूर्वीचे दाखले द्या. गूगलने २०१३ मध्ये गूगल रीडर बंद केलं तेव्हा साडेतीन महिने आधी सांगितलं होतं आणि प्रत्येकाला आपली यादी उतरवून घेता येत होती. २०२३ च्या जानेवारीत स्टेडिया ही गेमिंग सेवा बंद केली तेव्हा गूगलच्या दुकानातून घेतलेल्या गेम्सचे आणि कंट्रोलरचे पैसे लोकांना परत दिले. ज्या दुकानदाराने विश्वासाने उधारीची वही तुमच्या हातात दिली, त्याला ती परत मिळायलाच हवी. हे तुम्ही करून घेतलंत, तर त्या फोनला तुमच्याकडे उत्तर असेल.

आता तीस कोटींचं बघू. लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही व्यापाऱ्याला तीस कोटी म्हणजे डोळे दिपवणारी रक्कम. पण समजा, तुमच्या कंपनीची वर्षाची उलाढाल ८०,००० कोटींची आहे आणि शेअर बाजाराला तिच्याकडून दहा टक्के वाढ हवी आहे. म्हणजे दरवर्षी ८,००० कोटी नवे आणायचे. त्यात तीस कोटी कुठे दिसणारही नाहीत. उलट त्या छोट्या अ‍ॅपलाही सुरक्षा तपासणी लागते, कायदा विभागाची सही लागते, सपोर्टची माणसं लागतात, आणि वरच्या लोकांचा वेळ लागतो. वर्षाच्या बजेटच्या बैठकीत कुणीतरी विचारतं, हीच वीस माणसं मुख्य सॉफ्टवेअरवर लावली तर किती मिळेल? उत्तर जवळपास नेहमी जास्तच येतं, कारण मुख्य सॉफ्टवेअरवरचा नफ्याचा टक्का इतका मोठा असतो की त्याच्या शेजारी बसवलेलं काहीही किरकोळ वाटतं. तुमचं काम कमी पडलं म्हणून अ‍ॅप गेलं, हे मनातून काढून टाका. विक्रमी नफा आणि तुमचं अ‍ॅप बंद होणं, या दोन्ही गोष्टी एकाच हिशेबातून आल्या.

हा झाला आकाराचा हिशेब. त्यापेक्षा महत्त्वाचा एक हिशेब आहे आणि तुमच्या निवडीचं उत्तर मला त्यात दिसतं. त्यासाठी झेरॉक्स या अमेरिकन कंपनीची हकिकत जरा सविस्तर सांगते.

झेरॉक्सने १९५९ मध्ये ९१४ नावाचं कॉपी मशीन आणलं. ते विकण्यापेक्षा भाड्याने देण्यावर त्यांचा भर होता. महिन्याला ९५ डॉलर भाडं, पहिल्या २,००० प्रती त्यातच, पुढच्या प्रत्येक प्रतीला काही सेंट. मशीनला खरोखरच प्रती मोजणारं मीटर होतं. लोकांनी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त प्रती काढल्या आणि कंपनी त्या मीटरवर अफाट श्रीमंत झाली. त्या पैशातून १९७० मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला एक संशोधन केंद्र निघालं. तिथे काही वर्षांत दोन मोठ्या गोष्टी जन्माला आल्या.

पहिली लेझर प्रिंटर. गॅरी स्टार्कवेदर हे संशोधक आधी न्यूयॉर्क राज्यात झेरॉक्सच्या जुन्या प्रयोगशाळेत होते. लेझरने कागदावर अक्षरं उमटवायची त्यांची कल्पना तिथल्या वरिष्ठांना पटत नव्हती. १९७१ मध्ये ते पालो आल्टोला गेले आणि तिथे त्यांना हवं ते करू दिलं. १९७७ मध्ये झेरॉक्स ९७०० हा प्रिंटर बाजारात आला, मिनिटाला १२० पानं छापणारा. झेरॉक्सने त्यावर अब्जावधी डॉलर मिळवले.

दुसरी गोष्ट १९७३ चा ऑल्टो संगणक. पडद्यावर खिडक्या, हातात माउस, शेजारच्या संगणकाशी जोडणारं इथरनेट. आज तुम्ही ज्या पद्धतीने दिवसभर काम करता, तिचा पाया तिथे घातला गेला. १९७९ मध्ये स्टीव्ह जॉब्ज आणि अ‍ॅपलचे इंजिनिअर तिथे येऊन हे बघून गेले. झेरॉक्सने स्वतःचा स्टार संगणक १९८१ मध्ये आणला तो एकेक साडेसोळा हजार डॉलरला. त्याच वर्षी आयबीएमचा पीसी सुमारे दीड हजार डॉलरपासून मिळायला लागला. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

केंद्र एकच, पैसाही त्याच कंपनीचा. कल्पना म्हणून ऑल्टो लेझर प्रिंटरपेक्षा मोठाच होता. पण लेझर प्रिंटर जितका चालेल तितकी पानं छापली जाणार, म्हणजे मीटर आणखी जोरात पळणार. ग्राहक तेच, दुरुस्तीला जाणारी माणसं तीच, विक्री करणाऱ्यालाही तो कसा खपवायचा हे नेमकं ठाऊक. ऑल्टोवर माणूस पडद्यावर वाचणार, पडद्यावरच दुरुस्त करणार आणि तारेवरून पाठवणार. तिथे कुठल्या मीटरचे आकडे बदलणार? किंमत चुकली, केंद्र आणि मुख्यालय यांच्यात हजारो मैलांचं अंतर होतं, ही कारणंही खरी आहेत. पण माझं मत विचाराल तर सगळ्यात मोठं कारण मीटरचं.

कॅमेऱ्याच्या फिल्म विकणाऱ्या कोडॅकचंही तसंच. स्टीव्ह सॅसन या त्यांच्याच तरुण इंजिनिअरने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला. साडेतीन किलोहून जास्त वजनाचं धूड, एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. कोडॅकने पेटंट घेतलं, संशोधनावर पैसेही घातले. पण त्यांचं मीटर फिल्मवर, कागदावर आणि रसायनांवर पळत होतं, आणि या कॅमेऱ्याला त्यातलं काहीच लागत नव्हतं. २०१२ च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: कंपन्यांना नवं हवं असतं, त्यावर त्या खरोखरच प्रचंड खर्च करतात. गूगलची मूळ कंपनी असलेल्या अल्फाबेटने एकट्या २०२३ मध्ये संशोधन आणि विकासावर ४५ अब्ज डॉलर घातले. एवढा पैसा कुणी देखाव्यासाठी घालत नाही. पण त्यांना नवं हवं असतं ते जुन्या कमाईला हात न लावता. दुभत्या गाईच्या लाथा गोड लागतात, तशातली गत. ती गाय आटेल असं काही घरातच कुणी बनवलं, की त्याला नकार मिळत नाही, नुसती पुढची तारीख मिळते.

आणि हे फक्त सत्तरच्या दशकातलं नाही. आजच्या एआयचा पाया असलेलं ट्रान्सफॉर्मर हे तंत्र २०१७ मध्ये गूगलच्याच आठ संशोधकांनी जगापुढे मांडलं. त्यावर बेतलेलं चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्याच कंपनीने लोकांच्या हातात दिलं. २०२३ पर्यंत ते आठही जण गूगल सोडून गेले होते. त्या वर्षी अल्फाबेटच्या ३०७ अब्ज डॉलर उत्पन्नातले सुमारे २३८ अब्ज जाहिरातींचे होते. माणसाला थेट उत्तर मिळालं तर तो गूगलवर शोधून दहा दुवे कशाला बघेल, आणि दुवे बघितले नाहीत तर जाहिरात कुठे लावायची, हा प्रश्न तिथे कुणाच्या मनात आला नसेल असं मला वाटत नाही. त्यांच्या सावधपणाला दुसरी बाजूही होती, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी घाईने बार्ड हा स्वतःचा चॅटबॉट दाखवला, त्याच्या जाहिरातीत एका दुर्बिणीबद्दल चुकीचं उत्तर निघालं आणि एका दिवसात कंपनीचं बाजारमूल्य सुमारे १०० अब्ज डॉलरने खाली आलं. एवढी मोठी किंमत मोजावी लागणार असेल तर माणसं दबकतच पावलं टाकतात.

आता तुमच्या एआय ग्रुपकडे येते. तुम्हीच लिहिलंय की कंपनी दर कर्मचाऱ्यामागे लायसन्स विकते. आणि नवा ग्रुप बनवणार आहे माणसाशिवाय तक्रारी सोडवणारं काहीतरी. ते जर उत्तम चाललं, तर ज्या ग्राहकाकडे आज ५०० माणसं ग्राहकसेवेत आहेत, तिथे उद्या २०० लागतील. म्हणजे ३०० लायसन्स गेली. तुमचं काम जितकं चांगलं होईल, तितकं जुनं मीटर हळू पळेल. पत्रात तुम्ही सुरक्षित जुनं आणि रोमांचक नवं अशी विभागणी केली आहे. मला त्यापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते, आणि तुम्हाला कुणी ती स्पष्ट सांगितलेली दिसत नाही.

यातून वाट निघत नाही असं नाही. सेल्सफोर्स या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीचा धंदाही वर्षानुवर्षं दर वापरकर्त्यामागे पैसे घेण्याचा. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी एजंटफोर्स हे ग्राहकांशी स्वतः बोलणारं एआय आणलं, तेव्हा दर जाहीर केला तो प्रत्येक संभाषणामागे दोन डॉलर. म्हणजे नव्या मालासोबत नवं मीटरच बसवलं. पुढच्याच वर्षी त्यांनी दराच्या रचनेत पुन्हा बदल केले, म्हणजे हे अजून बसलेलं नाही. पण दर ठरवण्याचा त्रास कंपनीने अंगावर घेतला, हीच मला गंभीरपणाची खूण वाटते.

तेव्हा एआय ग्रुपच्या प्रमुखांना भेटा आणि तंत्रज्ञानाबद्दल कमी, पैशाबद्दल जास्त विचारा. हे विकलं कसं जाणार, लायसन्समध्ये फुकट जोडून की वेगळ्या दराने? तो दर कुणी ठरवलाय का? आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: विक्री करणाऱ्या माणसांच्या यंदाच्या टार्गेटमध्ये हे आहे का? त्यांना यावर इन्सेंटिव्ह मिळणार आहे का? लायसन्स विकून दुप्पट कमिशन मिळत असेल तर सेल्सचा माणूस ग्राहकासमोर तुमच्या एआयचं नावही काढणार नाही, आणि त्याचं चुकतंय असंही मी म्हणणार नाही, त्यालाही घर आहे. टाउनहॉलमधल्या भाषणातून जे कळत नाही, ते सेल्सच्या इन्सेंटिव्हच्या तक्त्यातून कळतं. तुमच्या ओळखीचं कुणी सेल्समध्ये असेल तर चहाला बोलवा आणि सरळ विचारा.

मग धीराचा प्रश्न. नव्या कामाला किती वर्षं तोटा सोसू देणार, आणि तो धीर कुणाचा? पैसा स्वस्त होता तोवर सगळ्यांनाच धीर होता. मार्च २०२२ पासून अमेरिकेत व्याजदर शून्याजवळून चढायला लागले, दीड वर्षाच्या आत पाच टक्क्यांच्या पुढे गेले आणि सगळा सूर बदलला. गूगलचं एरिया १२० नावाचं केंद्र खास कर्मचाऱ्यांच्या नव्या कल्पनांसाठी होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यातले निम्म्याच्या आसपास प्रकल्प गुंडाळले, आणि जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने १२,००० नोकऱ्या कमी केल्या तेव्हा उरलेल्यातलेही बहुतेक गेले. त्याच काळात फेसबुकच्या मेटा कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० लोकांना घरी पाठवलं, तरी आभासी जगाचं काम करणाऱ्या विभागाचा २०२३ चा सुमारे १६ अब्ज डॉलरचा तोटा सोसला. तिथे भागधारकांच्या मतांची बहुसंख्या एकट्या मार्क झुकरबर्ग यांच्या हातात आहे. त्यांचा धीर आहे तोवर ते काम आहे. तुमच्या ग्रुपमागे कोण उभं आहे? तो माणूस थेट सीईओला उत्तर देतो की मुख्य सॉफ्टवेअरच्या प्रमुखाला? दुसरं असेल तर जपून. ज्याचं मीटर हळू होणार, त्याच्याच हातात तुमचं बजेट असेल.

पुण्यात बसून काम करताना आणखी एक बघावं लागतं. रोडमॅप, म्हणजे पुढे काय बनवायचं ते, कोण ठरवतं? खराडीतल्या टीमकडे पूर्ण मालकी आहे की अमेरिकेहून येणारी तिकिटं, म्हणजे नेमून दिलेली सुटी कामं, सोडवायची आहेत? तुमच्या अ‍ॅपचा निर्णय तुम्हाला निरोपाने कळला. पुन्हा तसंच होऊ नये, तर ज्या बैठकीत बजेट ठरतं तिथे पुण्यातलं कुणी बसतं का, हे विचारून घ्या.

आता माझं स्पष्ट मत. दर ठरलाय, सेल्सच्या टार्गेटमध्ये हे आलंय आणि मागे मुख्य विभागाबाहेरचा मोठा माणूस आहे, यातल्या दोन गोष्टी जरी असतील तर बिनधास्त एआय ग्रुपमध्ये जा. तो बंद पडला तरी दोन वर्षांत जे शिकाल त्याला बाहेर मागणी असेल. यातलं काहीच नसेल, तर मुख्य सॉफ्टवेअरमध्ये जा, आणि तिथे कमीपणा मानू नका. त्या टीममुळे कंपनीत सगळ्यांचे पगार होतात. फक्त जाताना लायसन्सचं नूतनीकरण, बिलिंग, दररचना यांच्या जवळचं काम मागून घ्या. ग्राहक लायसन्स कमी करायला लागले, तर ते सगळ्यात आधी तिथेच दिसेल, आणि मग तीच कंपनी नव्या मीटरसाठी माणसं शोधायला लागेल.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं काळजीपोटी आहे, आणि हप्त्यांचा हिशेब करायलाच हवा. पण त्यांना इतकंच सांगा की जुनी टीम म्हणजे सुरक्षित, असं मानायला आधार नाही. कपात होते तेव्हा फायद्यातल्या विभागातलेही लोक जातात. आठेक महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला काढून ठेवा, दोघांपैकी एकाचा आरोग्य विमा कंपनीबाहेरचा असू द्या, आणि मग निवड कामाच्या गुणावर करा.

राहिला तुमचा शेवटचा विचार, तेच अ‍ॅप स्वतः करण्याचा. तीस कोटींचं जे गणित मोठ्या कंपनीला परवडलं नाही, ते पंधरा माणसांच्या कंपनीला छान परवडतं. त्यामुळे कल्पना वेडी नाही. पण कोड कंपनीचा आहे, डिझाइन कंपनीचं आहे, आणि ग्राहकांची यादीसुद्धा कंपनीचीच आहे. बार्शीच्या काकांचा नंबर तुमच्या फोनमध्ये असला तरी तो तुम्हाला नोकरीमुळे मिळालाय. नेमणूकपत्र काढा, त्यातली बौद्धिक संपदेची आणि नोकरीत असताना दुसरं काम करण्याबद्दलची कलमं वाचा, आणि या विषयातल्या वकिलाला ते कागद दाखवा. त्याआधी टीममधल्या कुणाशीही, कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा ऑफिसच्या चॅटवर तर मुळीच, या विषयावर एक ओळही लिहू नका.